नानांच्या लेखातला तो उतारा

सुखदेव,

काल कोर्टात वकिलांच्या बार रूममध्ये तुझी शोकसभा झाली. मलाही बोलायला सांगितलं. मी उठलो, तुझ्या बारीक अक्षराबद्दल काहीतरी बोललो, तू कांदा बुक्कीनं फोडून भाकरीवर घ्यायचास ते सांगितलं, लोक थोडे हसले, आणि मी खाली बसलो. माझ्यानंतर उठला तो नुकती सनद मिळालेला एक वकील होता. तुझी त्याची ओळख फार तर दोन वर्षांची असेल. त्याला चार वाक्यं धड बोलता आली नाहीत, रडायलाच लागला. मी पायांकडे बघत राहिलो. सारखं वाटत होतं, आता कोणीतरी विचारणार, तुम्ही कॉलेजापासूनचे दोस्त ना, मग इतक्या वर्षांत अकोल्याला कितीदा आलात?

कोणी विचारलं नाही. माणसं भली असतात म्हणून, किंवा त्यांना माहीतच होतं म्हणून.

नाना पुढच्या खुर्चीवर बसले होते. त्यांना कोणी बोलायला सांगितलं नाही. सांगण्याची गरजही नव्हती. स्मशानात गेलेल्या मुलाच्या बापाजवळ जसे लोक उभे राहतात तसे ते त्यांच्याजवळ येऊन उभे राहत आणि हात जोडून जात. हिवरखेडहून आलेले तुझे खरे वडील कोपऱ्यात टोपी हातात घेऊन बसले होते. नाना उठले, त्यांच्याकडे गेले, आणि त्यांचा हात धरून त्यांना आपल्या शेजारी आणून बसवलं. ते दोन म्हातारे शेजारी शेजारी बसलेले आणि मी, नानांचा खरा मुलगा, तिसऱ्या रांगेत. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो आहे.

आपली गाठ पडली ती कॉलेजच्या अंकामुळे. अमरावतीचं आपलं लॉ कॉलेज तेव्हा नवं होतं. प्राचार्यांनी कुठंतरी वाचलं होतं की परदेशातल्या मोठ्या विद्यापीठांत कायद्याचं नियतकालिक विद्यार्थीच चालवतात. लेख लिहायचे प्राध्यापकांनी, वकिलांनी, न्यायाधीशांनी. पण ते घ्यायचे की परत करायचे, त्यांत काय सुधारायचं, ते ठरवायचं पोरांनी. वऱ्हाडात हे ऐकणाऱ्याला उलटंच वाटायचं. आमचे काका ज्योतिषी. मी कॉलेजात पत्रिका काढतो हे ऐकून त्यांना आधी फार आनंद झाला, आणि मग कसली पत्रिका ते कळल्यावर त्यांनी माझ्याशी आठवडाभर तो विषय काढला नाही.

लेख टपालानं यायचे. प्राचार्यांचा कारकून नावाचं पान काढून ठेवायचा आणि लेखावर नुसता आकडा घालायचा, म्हणजे वाचणाऱ्याला लेखक कोण ते कळू नये. दोघांनी वाचायचं, मग रविवारी बैठक. मत द्यायला सगळे पुढे. आम्ही विशी ओलांडलेली पोरं 'युक्तिवाद कच्चा आहे' असं म्हणून ओठ असे मिटायचो की जणू हायकोर्टच बसलंय. पण लेख घ्यायचा ठरला की खरं काम सुरू व्हायचं, तळटिपा तपासण्याचं. लेखकानं अमुक खंडाच्या अमुक पानावर अमुक निकाल आहे म्हटलं, तर तो खंड शोधायचा, ते पान काढायचं, तिथं खरंच तसं आहे का बघायचं. या कामाला कोणी तयार नसे. ते तू घेतलंस.

तू हिवरखेडच्या मळ्यातून आलेला. बोलणं थेट तिकडचं, त्याला शहराची चाळणी कधी लागली नाही. बैठकीत कोणी मोठ्यानं म्हणालं की हा निकाल प्रसिद्धच आहे, तपासायला कशाला हवा, तर तू शांतपणे म्हणायचास, "म्या पान उघडून पाह्यलं नाही. तू पाह्यलं का?" संपला विषय. एका निवृत्त जिल्हा न्यायाधीशांच्या लेखातल्या निम्म्या टिपा जुळल्या नाहीत तेव्हा तू तो लेख परत पाठवायला लावलास. त्यांनी अंकाची वर्गणी बंद केली आणि प्राचार्यांना कडक पत्र लिहिलं. प्राचार्यांनी तुला बोलावून झापलं. तू बाहेर आलास आणि मला म्हणालास की सर बरोबर बोलून राहिले, आपुन पोरंच आहोत. पण पान तर पोरांचं नाही ना.

छपाई राजापेठेतल्या एका छापखान्यात व्हायची. प्रुफं तपासायला दोघं लागतात, एकानं मूळ हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रुफावर खुणा करायच्या. आपली जोडी तिथं जमली. मी वाचायचो, तू खुणा करायचास. मधूनच मी दमलो की तू वाचायचास, आणि तू वाचताना स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम सगळे तोंडानं उच्चारायचास. छपाईचे खिळे जुळवणारी माणसं हसायची. तुझ्यावर त्याचा काही परिणाम व्हायचा नाही. मला ते दिवस फार आवडत. मला वाटतं, आयुष्यात मी निर्धास्तपणे कोणाशेजारी बसलो असेन तर तुझ्याशेजारी, त्या शाईच्या वासात.

त्याच काळात नानांचा लेख आला.

नाना म्हणजे अकोल्याचे दिवाणी वकील, आणि अकोल्यात नाना वकील म्हटलं की एक प्रकरण हमखास निघायचं, पातूरच्या मळेवाल्यांचं. ओढ्याकाठी पिढ्यानपिढ्या भाजीपाला करणारी काही घरं होती. मालकानं जमीन कापसाच्या एका जिनवाल्याला विकली, आणि नव्या मालकानं मळे खाली करायला सांगितलं. नाना मळेवाल्यांकडून उभे राहिले आणि जिंकले. त्या युक्तिवादाचा कणा होता नागपूरला हायकोर्ट व्हायच्या आधीच्या, ज्युडिशिअल कमिशनरच्या काळातल्या एका निकालातला उतारा. ज्यानं पाणी घालून, घाम गाळून जमीन जिवंत ठेवली त्याचा ताबा नुसत्या खरेदीखतानं मोडत नाही, असा त्याचा आशय. पुढं कितीतरी गरीब कुळांच्या दाव्यांत नानांनी तोच उतारा वाचला. आमच्या घरात तो स्तोत्रासारखा होता. मुंजीच्या वयात मला तो इंग्रजीतून पाठ होता. अर्थ कळत नसे. पाहुणे आले की नाना मला म्हणायला लावायचे, मी म्हणायचो, आणि ते माझी पाठ थोपटायचे.

तुलाही ते प्रकरण लहानपणापासून ठाऊक होतं. बाजारात वांग्याच्या पाट्या घेऊन येणारे मळेवाले एकमेकांना ते सांगायचे. तू मला एकदा सांगितलंस की तू कायद्याकडे आलास ते त्या गोष्टीमुळे. नानांचं नाव निघालं की तू बसल्या जागी जरा सरळ व्हायचास.

लेखावर नाव नव्हतं, पण पहिल्या परिच्छेदातच मी ओळखलं. मी तुला सांगून टाकलं की हा नानांचा आहे, मी यावर बोलणार नाही, बैठकीलाही बसणार नाही. तू मान हलवलीस. तुझा चेहरा उजळलेला मला आठवतो. म्हणालास, "मंग मले तर हा अंक चांदीचा वाटून राहिला."

त्यानंतर तू आठ-दहा दिवस गप्प गप्प होतास. मी विचारलं नाही, कारण विचारायचं नाही असं मीच ठरवलं होतं. तो उतारा असलेला खंड अकोल्याच्या बार रूममध्ये नव्हता, आपल्या कॉलेजातही नव्हता. तू तो राजापेठेमागच्या एका दिवंगत वकिलांच्या घरी शोधून काढलास, त्यांच्या माळ्यावर, हे मला नंतर कळलं.

नंतरच्या एका रविवारी, बैठक नव्हती म्हणून, मी अकोल्याला घरी गेलो होतो. सकाळी दार वाजलं आणि दारात तू. काखेत धडप्यात गुंडाळलेलं जाड पुस्तक. मला पाहून तुझा चेहरा पडला. मी घरी असेन असं तुला वाटलं नव्हतं. नाना मात्र खूष झाले. या संपादक, असं म्हणत त्यांनी तुला बैठकीच्या खोलीत नेलं. मीही मागोमाग गेलो. जायला नको होतं, हे आत गेल्यावर लगेच कळलं.

तू खुर्चीच्या कडेवर बसलास. पुस्तक टेबलावर ठेवलंस, उघडलंस, आणि नानांच्या बाजूला फिरवलंस.

"नानासाहेब, तुमी एकडाव पाहून घ्या. हा उतारा न्यायाधीशाचा नाही. हा वकिलाचा युक्तिवाद हाय. जुन्या खंडात निकालाच्या आधी वकिलांचं म्हणणं छापत, तिथला हाय."

नाना म्हणाले, "तू वाच. माझा चष्मा आत राहिला."

चष्मा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मला दिसत होता. तुलाही दिसत असणार.

तू वाचलंस. ते सगळं मला पाठ होतं, माझे ओठ आपोआप हलत होते. सवयीनं तू स्वल्पविरामसुद्धा मोठ्यानं म्हणालास, आणि कोणी हसलं नाही. मग तू पान उलटलंस. पुढच्या पानावर निकाल होता. वकिलांचं हे म्हणणं मान्य करता येत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं होतं, आणि ताबेदाराचा दावा फेटाळला होता. म्हणजे ज्याच्या जोरावर नानांनी कुळांना जिंकवलं, तो त्या मूळ प्रकरणात हरलेल्या माणसाचा आवाज होता.

नाना बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसले. मग त्यांनी विचारलं, लेख छापणार नाही हे सांगायला आलास का? तू म्हणालास, नाही, दुरुस्त करून द्या म्हणायला आलो. नाना म्हणाले की सगळं घर त्याच खांबावर उभं आहे, तो काढला तर राहतं काय? तेव्हा तू जे बोललास ते शब्दाला शब्द माझ्या लक्षात आहे.

"मले वाटते, राहील. मळेवाल्यांचा पुरावा राहते. साक्षी राहतात. तुमी तिथं पाच वर्षं खेटे घातले ते राहते. उतारा गेला तरी न्याय काही जात नाही. पण तो उतारा ठेवला तर मंग जाते."

 नानांनी आत वळून आईला पानं घ्यायला सांगितली.

आईला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं पातोड्यांची रस्साभाजी केली होती. चारचौघांत बोलल्यासारखी ती एकटीच बोलत होती, तुझ्या घरचं विचारत होती, हिवरखेडला केळी कशी आहेत म्हणत होती. तुझा हात चालत नव्हता. "घे रे पोरा, लाजू नको," असं म्हणून तिनं तुझ्या ताटात आणखी पातोड्या वाढल्या. नाना ताटाकडे बघत होते. मला माझ्या बापाची लाज वाटत होती, तुझ्यासमोर ते उघडे पडले याची लाज वाटत होती, आणि सगळ्यांत जास्त त्या खिशातल्या चष्म्याची. मला वाटलं होतं, पुढं कधीतरी ही लाज पुसट होईल. ती पुढं माझ्याबरोबर नोकरीला नागपूरला आली आणि तिथंच राहिली.

दुपारच्या पॅसेंजरनं आपण दोघं निघालो. स्टेशनवर मी तुझ्यावर तुटून पडलो. काहून आलास? पत्र पाठवता आलं नसतं का? तू म्हणालास की पत्र त्यांचा कारकून फोडते, असं माणसाच्या तोंडावर सांगा लागते. मी म्हटलं, मग निदान मला आधी सांगायचंस.

"तुले सांगितलं असतं तर तुले निवडा लागलं असतं," तू म्हणालास. "म्हणून नाही सांगितलं."

गाडीनं मूर्तिजापूर सोडलं.  मी विचारलं, नानांना हे माहीत होतं का रे? तू लगेच म्हणालास, नाही. माणूस जे पाठ करते ते पुन्हा उघडून पाहत नाही, तू म्हणालास, तूही तर पाठ केलं होतं, तू उघडलं का कधी? मी म्हटलं की नाना साधी पावतीसुद्धा तीनदा बघतात, आणि खिशातला चष्मा? तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, तो चष्मा शरमेचा होता, गुन्ह्याचा नव्हता. आपला हा वाद बडनेऱ्याला गाडी बदलतानाही चालू होता, आणि पुढंही दोनेक वर्षं.

नानांनी लेख परत मागवला नाही. सहा महिने काहीच केलं नाही. मग पूर्ण नव्यानं लिहून पाठवला. साक्षीपुरावे, गावचे नकाशे, वहिवाटीची उदाहरणं, सगळं नव्यानं रचलेलं. आणि सुरुवातीलाच चार ओळी: हा उतारा मी अनेक वर्षं न्यायालयांपुढं निकाल म्हणून वाचला, तो न्यायाधीशांचा निकाल नाही, तो हरलेल्या पक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद आहे, ही चूक माझी आहे, आणि ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला त्या सर्वांची मी क्षमा मागतो.

लेख एकमतानं घेतला गेला. आणि मग एका तापलेल्या दुपारी आपण छापखान्यात प्रुफाला बसलो. हस्तलिखित माझ्या हातात. पहिलंच पान, त्या चार ओळी, आणि मला त्या मोठ्यानं वाचायच्या होत्या, खिळे जुळवणाऱ्या माणसांदेखत.  मी तुला म्हटलं की या ओळी काढून टाक. लेख त्यांच्यावाचूनही उभा राहतो, तूच म्हणाला होतास. वाचकाला त्यांची गरज नाही. नानांना मी समजावतो.

तू पेन्सिल खाली ठेवलीस. म्हणालास, आपुन लेखकाचं चुकलेलं काढतो. खरं लिहिलेलं कसं काढावं?

मी म्हटलं, तुझा बाप असता तर? तू म्हणालास की माझा बाप असता तर मलेही वाचता आलं नसतं, पण काढलंही नसतं. मी कागद तुझ्यापुढं टाकले आणि बाहेर पडलो. तू एकट्यानं प्रूफ वाचलंस, एका डोळ्यानं मूळ आणि एका डोळ्यानं छापील. म्हणूनच त्या चार ओळींत 'न्यायाधीश' हा शब्द चुकीचा छापला गेला, 'न्यायधीश' असा. तुझ्या हातून गेलेली तेवढी एकच छापचूक मला माहीत आहे.

अंक निघाला आणि अकोल्यात हसं झालं. कोर्टात नाना काही वाचायला लागले की समोरचा वकील नम्रपणे विचारायचा, हे न्यायाधीशांचं की वकिलांचं? काही पक्षकार दुसरीकडे गेले. बार रूममध्ये बोलणं त्यांना पाहून थांबायचं. मी परीक्षा झाल्यावर नानांच्या हाताखाली बसायचं, हे मी शाळेत असल्यापासून ठरलेलं. मी नागपूरला सरकारी विधी खात्यात नोकरी धरली. आईला सांगितलं की पेन्शन आहे. नानांनी काही विचारलं नाही.

त्यांच्या हाताखाली तू जाऊन बसलास. तुला अमरावतीत चांगल्या वकिलाकडे जागा मिळत होती, हे मला माहीत आहे. तू नानांच्या बैठकीत, माझ्यासाठी करून घेतलेल्या टेबलाशी बसलास. नानांचे डोळे अधू झाले तेव्हा तू त्यांना वाचून दाखवायचास, आई गेली तेव्हा तिला खांदा दिलास, आणि मी नागपूरहून पोचेपर्यंत सगळी तयारी करून ठेवलीस. मी आलो, विधी केले, आणि चौदाव्या दिवशी परत गेलो. जाताना तुझे आभार मानले. मी तुझे आभार मानले, सुखदेव, शेजाऱ्याचे मानावेत तसे.

तू कामासाठी नागपूरला यायचास तेव्हा माझ्याकडे उतरायचास. जेवून झालं की मी तोच विषय काढायचो. त्यांना माहीत होतं, मी म्हणायचो. सुरुवातीला तू जोरानं भांडायचास. मग एक वेळ अशी आली की तू भांडेनासा झालास. "जाऊ दे ना आता," एवढंच म्हणायचास, आणि हिवरखेडच्या गोष्टी काढायचास. मला वाटलं, दमलास. खरं सांगू, मला वाटलं, तुला माझं पटलं, फक्त कबूल करायला जड जातंय. मला त्यात एक वाईट समाधान होतं.

मग या श्रावणात तुला कावीळ झाली. साधी आहे म्हणून तू कोर्टात जात राहिलास. वच्छला वहिनी सांगत होती की दवाखान्यात शेवटचे दिवस नाना रोज तुझ्या खाटेशी बसून असत, त्यांना जेवायला घरी पाठवावं लागे. मला तार उशिरा मिळाली. मी आलो तेव्हा तुझी राखही सावडून झाली होती.

परवा संध्याकाळी नानांनी मला बैठकीत बोलावलं. दिवा लावू नको म्हणाले. मग त्यांनी सांगितलं.

पातूरच्या वेळी त्यांना माहीत नव्हतं. तो उतारा त्यांनी एका वडीलधाऱ्या वकिलाच्या तोंडून ऐकला होता आणि पाठ केला होता. पुढं काही वर्षांनी एका अपिलासाठी ते नागपूरला गेले, तिथल्या ग्रंथालयात तो खंड हाती आला. त्यांनी पान उलटलं, वाचलं, आणि खंड बंद केला. त्यानंतरही ते तो उतारा वाचत राहिले. समोर गरीब माणूस असायचा, उतारा लागू पडायचा, आणि कोणी तपासत नव्हतं.

मी विचारलं की मग आमच्याकडे लेख का पाठवलात? तुम्हाला माहीत होतं आम्ही तपासतो.

 नाना म्हणाले, "तूच सांगायचास घरी, तो एक पोरगा आहे, प्रत्येक पान उघडून बघतो. कदाचित म्हणूनच पाठवला असेन. मला आता नक्की सांगता येत नाही."

त्यांनी हे तुला पूर्वीच सांगितलं होतं. तू त्यांच्याकडे रुजू झाल्यावर वर्षाच्या आतच. लेखात मी 'चूक' लिहिलं तो शब्द खरा नव्हता, असं ते तुला म्हणाले. तू उठून पाणी प्यायलास, परत येऊन बसलास, आणि विचारलंस की चालू प्रकरणांत कुठं तो उतारा अजून आहे का? दोन ठिकाणी होता. तू दोन्ही कोर्टांत जाऊन तो काढून घेतलास, आणि त्यांतलं एक प्रकरण हरलास. त्यानंतर नानांनी तुझ्याकडे एकच गोष्ट मागितली. ती म्हणजे मला सांगू नकोस.

तू खोटं बोलला नाहीस. तू नुसता भांडायचा थांबलास. आणि मी ते माझ्या बाजूनं मोजत राहिलो.

तर वाद मी जिंकलो, सुखदेव. मी म्हणत होतो ते बरोबर निघालं. मला नुसता संशय होता तेव्हा मी घर सोडलं. तुला पक्कं माहीत झालं, त्यानंतरही तू त्या टेबलाशी बसलास, रोज, आणि म्हाताऱ्याला कागद वाचून दाखवलेस. मला तुझ्याशी यावर बोलायचं होतं. तुला राग आला नव्हता का? ज्या माणसाचं नाव ऐकून तू शाळकरी वयात कायद्याकडे वळलास, त्याचं हे ऐकून तुला त्या संध्याकाळी झोप लागली का? तू वहिनीलाही काही सांगितलेलं नाहीस. मी विचारून पाहिलं. हे आता मला कोणीच सांगणार नाही.

मी महिन्याची रजा घेतली आहे. तुझी चालू प्रकरणं कोणाकडे तरी सोपवायची आहेत, नानांना एकट्यानं ते होणार नाही. पुढचं काय ते मी ठरवलेलं नाही. ठरवलं असं लिहिलं तर ते तुला चाललं नसतं, कारण ते अजून खरं नाही.

आज सकाळी बैठकीत कागद लावत बसलो होतो. एक म्हातारा आला, धुळीनं भरलेला, डोक्याला मुंडासं, हातात पिशवी. सुखदेव वकील हायत का, म्हणाला. त्याला कळलेलं नव्हतं. मी त्याला सांगितलं. तो दारातच खाली बसला.  मग डोळे पुसून त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुमी कोन लागता त्याईचे?"

 दोस्त म्हणायला जीभ वळेना. नाना आतल्या खोलीत पलंगावर पडले होते. त्यांनी तिथूनच सांगितलं, "भाऊ आहे त्याचा. सांग त्याला तुझं काम."

म्हातारा माझ्याकडे बघत होता. मी नाही म्हटलं नाही. मी त्याला पाणी दिलं, हात धरून उठवलं, आणि काम काय आहे ते विचारलं.